फॅट बाइकला मोटर बसवताना: हब की मिड-ड्राइव्ह, दाते किती, बॅटरी केवढी

प्रश्न थोडक्यात असा: २६×४ इंची टायरची लोखंडी फॅट बाइक आहे. मागे १४-२८ दात्यांचे ७ गिअरचे फ्रीव्हील (हबवर आट्यांनी कसलेला गिअरसंच), दोन्हीकडे केबलवर चालणारे डिस्क ब्रेक. मागच्या चाकात १००० वॅटची हब मोटर बसवून कोकणातले पाणंद रस्ते, सड्यावरचा कातळ, जांभ्याचे चढ आणि अधूनमधून पुळण, एवढे सगळे जमेल का? आणि बॅटरी किती मोठी घ्यावी?

सपाट रस्त्यापुरती हब मोटर उत्तम आहे. तुम्ही सांगता त्या वाटांना मात्र ती घेऊ नका. मधल्या क्रँकपाशी, म्हणजे पॅडलच्या दांड्या फिरतात त्या जागी, बसणारी मिड-ड्राइव्ह घ्या आणि वॅटचा आकडा वाढवण्यापेक्षा गिअरच्या दात्यांवर पैसे घाला. यामागचे गणित समजले की बाकीचे बरेच निर्णय त्यातूनच निघतात.

चालवणारा ७५ किलो, सायकल १८, मोटर ६, बॅटरी ५ आणि पाणी-हत्यारे मिळून एकूण ११० किलो धरू. मुरमाच्या वाटेवर १५ टक्के चढ, म्हणजे १०० मीटरमागे १५ मीटर उंची, चढायला चाकाला सुमारे १९५ न्यूटन जोर लागतो. ताशी ८ किलोमीटर वेगाने हे काम ४३० वॅटचे आहे. त्यातले १०० वॅट तुमचे पाय देतील. कोरड्या सैल पुळणीत चढ नसतानाही १६० न्यूटनच्या आसपास जोर खर्ची पडतो, म्हणजे ताशी १० किलोमीटरला ४५० वॅट. मोटरकडून हवेत ते साडेतीनशे वॅट, फार तर चारशे. ताकद कमी पडत नाही. ती कोणत्या वेगाने फिरणाऱ्या मोटरमधून येते, यावर सगळे अवलंबून आहे.

२६×४ चे चाक एका फेऱ्यात जवळपास २.३ मीटर जाते. ताशी ८ किलोमीटरला ते मिनिटाला ५८ फेरे घेते. हब मोटर चाकाबरोबरच फिरते आणि ती बनवलेली असते ताशी २५-३५ किलोमीटरसाठी, म्हणजे १८० ते २५० फेऱ्यांसाठी. चढावर चाकाला किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) लागतो हे चढ आणि वजन ठरवतात, वेग नाही. वरच्या उदाहरणात तो सुमारे ७० न्यूटन-मीटर आहे. टॉर्क म्हणजे करंट, आणि तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. वेग कमी म्हणजे त्या करंटमधून निघणारे काम कमी, उष्णता तेवढीच, आणि चढ संपायला वेळही जास्त. हबच्या बंद डब्यातून ही उष्णता बाहेर पडायला वाट नसते. गिअरवाल्या हब मोटरमध्ये आतले नायलॉनचे दाते मऊ होऊन सोलले जातात. गिअर नसलेल्या मोठ्या हबमध्ये गुंडाळीवरचे इन्सुलेशन जळते किंवा मोटरची स्थिती ओळखणारा हॉल सेन्सर मरतो. सपाटीवर वर्षानुवर्षे चालणारी मोटर अशा चढावर अर्ध्या तासात जाऊ शकते. शिवाय मागच्या चाकात ५-६ किलो वजन बसले की दगडावर रिमला बसणारा दणका वाढतो. पंक्चर काढताना अ‍ॅक्सलचे नट, टॉर्क आर्म (दंड फिरू न देणारी पट्टी) आणि वायर हे सगळे सोडवावे लागते ते वेगळेच. बाभळीच्या काट्यांच्या मुलखात ही लहान गोष्ट नाही.

मिड-ड्राइव्ह चेनमधून काम करते, म्हणून सायकलचे गिअर मोटरलाही मिळतात. चढ आला की खालचा गिअर टाकायचा. क्रँक मोटरच्या आवडीच्या, मिनिटाला ८० ते १०० फेऱ्यांवर राहते, चाक सावकाश फिरते.

पण इथेच बहुतेक जण फसतात. बाफांग कंपनीची बीबीएसएचडी ही १००० वॅटची मिड-ड्राइव्ह घेतली तर तिच्यासोबत साधारणपणे ४६ दात्यांचे पुढचे चक्र येते. तुमच्या मागच्या सर्वांत मोठ्या २८ दात्यांवर चेन असताना क्रँक ८० फेऱ्यांवर ठेवायची तर वेग ताशी १८ किलोमीटर हवा. १५ टक्के चढावर तो वेग टिकवायला चाकाशी ९७० वॅट लागतील. दगडधोंड्यांच्या वाटेवर तेवढ्या वेगाने कोणी जातही नाही. मग वेग ८ वर येतो, क्रँक ३५ फेऱ्यांवर घुटमळते आणि हब मोटरचेच दुखणे मिड-ड्राइव्हला लागते. कंट्रोलर (मोटरला वीज मोजून देणारे सर्किट) तापतो, आतला नायलॉनचा पहिला गिअर घासतो, आणि दोष मोटरला दिला जातो.

उपाय दोन आहेत. एक, पुढे ३० किंवा ३२ दाते आणि मागे ११-३४ ची कॅसेट (फ्रीव्हीलऐवजी हबवर सरकवून बसणारा गिअरसंच). ३०-३४ वर ८० फेऱ्यांना वेग पावणेदहा किलोमीटर येतो. दुसरा, पुढे ४२ दाते आणि मागे ९ गिअरची ११-४२ कॅसेट. त्यात वेग ११ येतो. आकड्यांनी पहिला सरस वाटतो, पण फॅट बाइकसाठी माझा कौल दुसऱ्याला. याची कारणे दोन. मोटरच्या उजव्या बाजूला गिअरचा गोल डबा आहे. ४२ दात्यांचे आत वळवलेले चक्र त्या डब्यावरून आतल्या अंगाला बसते. त्याहून लहान चक्र डब्याच्या बाहेरच राहते, त्यामुळे मागच्या मोठ्या दात्यावर चेन फारच तिरकी धावते. चिखलात अशी चेन उतरते, उलटे पॅडल मारले की हमखास. दुसरे कारण चेनवरचा ताण. मोटरचा कमाल टॉर्क १६० न्यूटन-मीटर धरला तर ४२ दात्यांवर चेनला सुमारे १९० किलोची ओढ बसते, ३० दात्यांवर तीच २७० किलो होते. पुढे लहान चक्र म्हणजे मोटरला आराम आणि चेनला शिक्षा. तरीही ३० लावायचेच असेल तर कंट्रोलरमधला करंट कमी केल्याशिवाय लावू नका.

मोटर मागवण्याआधी मोजायच्या गोष्टी

सर्वांत महत्त्वाचे माप बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे क्रँकचा दंड जिच्यातून जातो त्या नळीच्या रुंदीचे. क्रँक आणि कप (नळीच्या टोकांना बसलेली बेअरिंगची घरे) काढून रिकामी नळी कॅलिपरने मोजा. साध्या सायकलची ६८ किंवा ७३ मिलिमीटर असते, फॅट बाइकची बहुधा १००, काहींची १२०. बीबीएसएचडी या तिन्ही मापांत मिळते, पण मापे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. फॅट बाइकच्या मागच्या दांड्या टायरसाठी रुंद पसरलेल्या असतात, म्हणून अरुंद मोटरचा डबा उजव्या दांडीला टेकतो. नळीला आतून आटे आहेत की कप ठोकून बसवलेले आहेत तेही पाहा. आट्यांच्या नळीत मोटरचा सुमारे साडेतेहतीस मिलिमीटर व्यासाचा दंड सरळ जातो. ठोकून बसवलेल्या रुंद नळीला मात्र अडॅप्टर लागतो आणि तो सैल असेल तर मोटर डुगडुगते.

नळीच्या खालून गिअरची केबल गेली असेल तर ती मोटरखाली चिरडते. तिचा मार्ग आधीच बदला, पूर्ण लांबीचे आउटर (केबलचे बाहेरचे आवरण) घालून दांडीच्या कडेने न्या.

मागचा हबही याच वेळी तपासा. स्वस्त फॅट बाइकमध्ये रुंद हबवर आटे कसलेले फ्रीव्हील असते. त्यात उजवीकडचे बेअरिंग खूप आत राहते आणि अ‍ॅक्सलचा लांब भाग आधाराशिवाय उरतो. नुसत्या पायांनीही ते अ‍ॅक्सल वाकतात, मोटर लागल्यावर तर नक्कीच. कॅसेट बसणारा, लोखंडी फ्रीहब बॉडीचा हब घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीत कॅसेटच्या सुट्या चकत्या रुतून बसतात. हा खर्च टाळावासा वाटतो, पण वाटेत अडकवणारी पहिली गोष्ट हीच असते.

तोंगशेंगची टीएसडीझेड-२ पाहायला हरकत नाही. तिच्यात टॉर्क सेन्सर आहे, त्यामुळे पायाच्या जोराप्रमाणे मदत मिळते. ओल्या जांभ्यावर चाक घसरू न देता चढायला ते फार छान वाटते. लांब चढावर मात्र ती लवकर तापते आणि तिचाही नायलॉनचा गिअर नाजूक आहे. हलका माणूस, छोटे चढ, कमी वॅट असे असेल तर ती घ्या. ११० किलो आणि पुळण यांना बीबीएसएचडी.

कायद्याचे इथेच सांगून टाकतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटरची ३० मिनिटांची क्षमता ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि पॅडलबरोबर मिळणारी मदत ताशी २५ किलोमीटरला बंद होणारी असेल, तरच विजेची सायकल मोटार वाहन धरली जात नाही. १००० वॅटची बीबीएसएचडी या व्याख्येत बसत नाही. ती स्वतःच्या शेतात, बागेत, मालकाच्या परवानगीने खासगी जागेतच चालवा. सार्वजनिक रस्ता ओलांडायचाच असेल तर या व्याख्येत बसणारे, २५० वॅटपेक्षा कमी क्षमतेचे किट घ्या आणि वरचे दात्यांचे गणित आणखी काटेकोर पाळा. पुळणीबद्दलही तेच. गोव्यात किनाऱ्यावर वाहन घालायला बंदी आहे. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत रुंद टायर फिरवला तर खालची अंडी धोक्यात येतात. त्या महिन्यांत तिथे सायकल नेऊच नका.

बसवण्याचा क्रम

लागणारी हत्यारे: क्रँक पुलर, बॉटम ब्रॅकेटचा दातेरी पाना, ८ मिलिमीटरची अ‍ॅलन की, मोटरच्या मोठ्या नटाचा पाना आणि टॉर्क रेंच. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे बहुतेकांना माहीत असते. आट्यांच्या नळीत उजव्या कपाचेही उलटे असतात, हे विसरून लोक पाना तोडतात. उजवा कप घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) आणि त्याची केबल काढून टाका.

नळी आतून पुसा, पातळ ग्रीस लावा आणि मोटर उजवीकडून आत सरकवा. अजून काही आवळू नका. पुढचे चक्र हाताने फिरवून मागच्या दांडीपासून किमान ३ मिलिमीटर अंतर आहे का पाहा. नसेल तर मोटर आणि नळी यांच्यामध्ये वॉशर घालून ती बाहेर आणा, मात्र डाव्या बाजूला नटासाठी पुरेसे आटे उरले पाहिजेत. मोटर पुढच्या खालच्या दांडीकडे जाईल तेवढी वर फिरवा. ती जितकी खाली लोंबेल तितकी कातळाला आपटेल. दांडी आणि मोटर यांच्यामध्ये कडक रबराचा तुकडा बसवा.

आता मोटरला नळीशी धरून ठेवणारी डावीकडची पट्टी, तिचे दाते नळीच्या कडेकडे तोंड करून. तिचे दोन्ही बोल्ट आधी सैल ठेवा, मोठा नट ३५ ते ४० न्यूटन-मीटरवर आवळा, मग बोल्ट, मग बाहेरचा दुसरा नट. हा क्रम उलटा झाला तर पट्टी तिरकी बसते. मोटरचा जोर स्वतःला वर फिरवण्याचा प्रयत्न करतो आणि हा नट सुरुवातीला सैल होतोच. सैल नटावर चालवत राहिले की नळीची कड खाल्ली जाते, मग कितीही आवळले तरी पकड येत नाही. नट आणि नळी दोन्हींवर रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवा, म्हणजे नट हलला की नजरेला लगेच दिसेल.

गिअर सेन्सर आवर्जून लावा. तो मागच्या डिरेलरच्या केबलवर बसतो आणि गिअर पडताना मोटर क्षणभर थांबवतो. तो नसेल तर भर जोरात चेन एका चकतीवरून दुसरीवर उडी मारते, तेव्हा कडी वाकते नाहीतर दाता तुटतो. ब्रेकच्या मुठीतले मोटर बंद करणारे स्विचही सोडू नका. वेगाचा सेन्सर फॅट बाइकवर नेहमी त्रास देतो, कारण दांडी स्पोकपासून लांब असते. लोहचुंबक हबजवळ, स्पोक दांडीच्या जवळ येतात तिथे सरकवा. अंतर ५ मिलिमीटरच्या आत आले की एरर जातो.

कंट्रोलरची मांडणी

संगणकाला जोडायची प्रोग्रॅमिंग केबल किटबरोबर मागवून घ्या. कारखान्यातून आलेली मांडणी मोकळ्या रस्त्यासाठी असते, पॅडल हलले की एकदम धक्का देते. कमाल करंट ३० अँपिअरवरून २० वर आणा. ४८ व्होल्टला तेही ९६० वॅट होतात, वरच्या गणितातल्या गरजेच्या दुप्पट. सुरुवातीचा करंट १० टक्क्यांवर आणि स्लो स्टार्ट ४ किंवा ५ ठेवा. पॅडल थांबले की मोटर थांबायला लागणारा वेळ शक्य तितका कमी करा, अरुंद बांधावर अर्ध्या सेकंदाचा उशीरही पाडतो. बॅटरीची खालची मर्यादा १३ सेल एकामागोमाग जोडलेल्या ४८ व्होल्टच्या बॅटरीसाठी ४१ व्होल्ट ठेवा. थ्रॉटल (हाताने मोटर चालवायची मूठ) उतरून सायकल ढकलताना उपयोगी आहे. चढावर थांबलेल्या अवस्थेतून, वरचा गिअर असताना तो पूर्ण ओढणे ही मोटर जाळायची खात्रीची रीत आहे.

बॅटरी

खर्चाचा अंदाज उंचीवरून काढा, किलोमीटरवरून काढलेला डोंगरात फसतो. ११० किलो वजन १०० मीटर वर न्यायला बॅटरीतून साधारण ४० वॅट-तास जातात. ६०० मीटरची चढाई म्हणजे २४० वॅट-तास. त्यावर मुरमाच्या सपाट वाटेला किलोमीटरमागे १० ते १२ धरा, पुळणीला ३० किंवा जास्त. पायांनी जेवढे काम कराल तेवढे यातून वजा.

यावरून ४८ व्होल्ट २० अँपिअर-तास हे माप योग्य ठरते. २१७०० आकाराचे ५ अँपिअर-तासांचे सेल, १३ गट एकामागोमाग आणि प्रत्येक गटात ४ समांतर, एकूण ५२ सेल. ऊर्जा ९३६ वॅट-तास, वजन केसिंगसकट साडेचार-पाच किलो. २० अँपिअर घेतले तरी प्रत्येक सेलवर ५ च येतात, त्यामुळे तो तापत नाही. बीएमएस (बॅटरीचे रक्षण करणारे सर्किट) सलग ३० अँपिअर देणारा हवा, विक्रेत्याकडून क्षणिक आणि सलग हे दोन्ही आकडे वेगळे विचारा. लिथियम फेरो फॉस्फेट जास्त वर्षे टिकते आणि उष्णता सोसते, पण तेवढ्याच ऊर्जेला वजन आणि आकार बरेच वाढतात. फॅट बाइकच्या त्रिकोणात ते मावणे अवघड.

बॅटरी तुटते ती सेलमुळे कमी आणि बसवण्यामुळे जास्त. पाण्याच्या बाटलीच्या दोन एम-५ बोल्टवर पाच किलो लटकावले की दगडी वाटेवर आटे उपटून येतात. खालच्या दांडीला आणखी दोन धातूचे पट्टे आवळा आणि वरून रुंद वेलक्रो पट्टा घ्या. बॅटरी जिच्यावर बसते ती पट्टी आणि डबा यांच्यामधल्या फटीत फोम भरा. आतल्या निकेलच्या पट्ट्यांची जोडणी खडखडीनेच सुटते. वायर जाड घ्या, एक्सटी-९० ची ठिणगी न उडणारी जोडणी आणि बॅटरीच्या अगदी जवळ ३० किंवा ४० अँपिअरचा फ्यूज लावा. फिरून आल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका, डबा हाताला गार लागू द्या. पावसाळ्यात चार महिने उभी ठेवणार असाल तर ४८-४९ व्होल्टवर, घरात कोरड्या जागी ठेवा.

ब्रेक, टायर, पाणी

केबलच्या १६० मिलिमीटर डिस्कवर ११० किलो उतरवणे धोक्याचे आहे. पुढे हायड्रॉलिक आणि १८० मिलिमीटरची रोटर, फोर्कच्या बनवणाऱ्याने परवानगी दिली असेल तर २०३. हायड्रॉलिक मुठीत मोटर बंद करणारा स्विच नसेल तर बाहेरून चिकटवायचा चुंबकाचा सेन्सर मिळतो. जांभ्याचा चिखल रेझिनचे पॅड झपाट्याने खातो, म्हणून मेटॅलिक पॅड घ्या.

हवा मुरमावर ८ ते १० पीएसआय, सैल पुळणीत ५ च्या आसपास. साध्या पंपाचा काटा इतके कमी दाखवत नाही, डिजिटल गेज लागतेच. हवा कमी आणि मोटरचा जोर जास्त असला की टायर रिमवर हळूहळू सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो. अशा ट्यूबला पॅच बसत नाही. व्हॉल्व्ह तिरका दिसायला लागला की तिथेच हवा काढून टायर जागेवर आणा आणि एक-दोन पीएसआय वाढवा. काट्यांसाठी प्रत्येक ट्यूबमध्ये १५० ते २०० मिलिलिटर सीलंट घाला, साध्या सायकलचे प्रमाण या टायरला पुरत नाही.

मोटर पावसाचे शिंतोडे सोसते, ओढ्यात बुडणे सोसत नाही. क्रँकच्या दंडापर्यंत पाणी असेल तर बॅटरी बंद करून उचलून न्या. खारी हवा तांब्याच्या पिना हिरव्या करते. प्रत्येक जोडणीत सिलिकॉनचे डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा आणि पुळणीवरून आल्यावर साध्या गोड्या पाण्याने, प्रेशर पंपाविना, सायकल धुऊन चेन पुसून तेल द्या. वाळू आणि तेल मिळून चेनला घासकागदच लागतो. १० गिअरपर्यंतच्या चेनला चेन-चेकरवर ०.७५ दिसले की ती बदला. थांबलात तर कॅसेटही बदलावी लागते.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर मोटरचा नट, डावीकडच्या पट्टीचे बोल्ट, क्रँकचे बोल्ट आणि पुढच्या चक्राचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने पाहा. मागच्या चाकाचे स्पोक बोटाने दाबून ताण सारखा आहे का बघा. हे एकदा बसले की नंतर महिन्यातून एकदा पुरते, पावसाळ्यात दर फेरीनंतर.